शेरीच्या पिंपातली सिंगल माल्ट मित्रांसोबत चाखायची तर

गडद रंगाची महागडी बाटली टेबलावर येते, रुंद तोंडाच्या ग्लासांत भरपूर ओतली जाते, कुणीतरी ‘स्मूद आहे’ म्हणतं, बाकीचे माना डोलावतात. तासाभराने कुणाला काही आठवत नाही. मजा येते, नाही असं नाही. पण त्याला चाखणं म्हणत नाहीत. शेरीच्या पिंपाने व्हिस्कीला नेमकं काय दिलं हे कळायचं असेल, तर बैठकीची मांडणी थोडी वेगळी करावी लागते. खर्च फारसा वाढत नाही. मांडणीचं मुख्य सूत्र एवढंच: शेरीवाली व्हिस्की एकटी ठेवू नका. शेजारी शेरीचा स्पर्श न झालेली एक बाटली हवीच. फरक कळतो तो तुलनेतच.

सुरुवातीआधी: पिंपाची गोष्ट

स्कॉच व्हिस्की किमान ३ वर्षं स्कॉटलंडमध्ये, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात मुरलेली असावी लागते आणि बाटलीत भरताना तिच्यात अल्कोहोल किमान ४० टक्के असावं लागतं. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये गाळलेली. ‘सिंगल’चा अर्थ एकच पिंप असा नाही. एका बाटलीत शेकडो पिंपांचा माल एकत्र केलेला असू शकतो.

पिंप बहुधा आधी दुसऱ्या कशासाठी तरी वापरलेलं असतं. बहुतेक वेळा अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीसाठी, काही वेळा शेरीसाठी. शेरी ही स्पेनच्या अँडलुसियातल्या हेरेस, सानलुकार आणि एल पुएर्तो या गावांच्या परिसरात होणारी, वरून द्राक्षाचं स्पिरिट घालून कडक केलेली वाइन. पूर्वी ती पिंपांत भरून ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं परत पाठवण्यापेक्षा स्कॉटलंडमधल्या डिस्टिलऱ्या ती स्वस्तात उचलायच्या. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करणं सक्तीचं झालं आणि तो ओघ आटला. आज शेरी पिंप म्हणून जे मिळतं ते बहुतांशी व्हिस्कीसाठीच मागणीनुसार बनवलेलं असतं: नवं पिंप, त्यात साधारण दीड-दोन वर्षं शेरी ठेवायची, मग रिकामं करून स्कॉटलंडला धाडायचं. त्यात ठेवलेली शेरी सहसा पिण्यासाठी विकलीही जात नाही. स्पेनच्या जुन्या तळघरांतली, पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली पिंपं व्हिस्कीकडे क्वचितच येतात. जाहिरातीतली चित्रं बघताना हे ध्यानात असू द्या.

लाकूडही महत्त्वाचं, आणि माझ्या मते बाटल्यांवर त्याबद्दल फार कमी लिहिलेलं असतं. युरोपियन ओक जास्त तुरट: सुकामेवा, लवंग, दालचिनी, चामडं. अमेरिकन ओक मऊ: व्हॅनिला, खोबरं, टॉफी. शेरी पिंपं दोन्ही लाकडांची असतात. म्हणून ‘शेरी कास्क’ लिहिलेल्या दोन बाटल्या एकमेकींपासून अगदी लांबच्या निघू शकतात.

१. बाटल्या निवडा: तीन पुरतात, चार भरपूर

पायऱ्या चढत जायच्या अशा हिशेबाने निवडा.

पहिली, शेरी नसलेली. ग्लेनमोरँजी ओरिजिनल चालेल. ती बर्बनच्या पिंपात मुरते.

दुसरी, शेरीचा हात फक्त शेवटी फिरलेली. बॅल्व्हेनी डबलवूड १२ हे याचं सरळ उदाहरण. आधी बर्बनच्या आणि आधी व्हिस्कीसाठीच वापरलेल्या पिंपांत मुरवून मग शेवटचे काही महिने ती ओलोरोसो या प्रकारच्या शेरीच्या पिंपात ठेवतात.

तिसरी, शेरीतच वाढलेली. ग्लेनड्रोनाक १२ किंवा ग्लेनफार्कलस १५. ग्लेनड्रोनाकमध्ये ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेझ अशा दोन्ही शेरींची पिंपं असतात, ग्लेनफार्कलसचा जोर ओलोरोसोवर. दोन्ही घेता आल्या तर चर्चा रंगते.

चौथी हवीच असेल तर ॲबरलावर अबूना. ही पिंपातल्या ताकदीनेच, म्हणजे साधारण ६० टक्क्यांवर बाटलीत भरतात आणि तिच्यावर वय लिहिलेलं नसतं. किंवा शेरी आणि धुरकट वास एकत्र कसे वागतात ते बघायचं तर स्कॉटलंडच्या आयला बेटावरची आर्डबेग ऊगडाल. पण दोन्ही एकाच बैठकीत नकोत. धुराची व्हिस्की आली की तिच्यानंतर दुसरं काही नीट कळत नाही, त्यामुळे ती असेल तर सर्वांत शेवटी.

हीच नावं हवीत असं नाही. ‘शेरी नाही, थोडी शेरी, पूर्ण शेरी’ हा क्रम जमला म्हणजे झालं.

सगळा भार एकावर टाकू नका. सहा जण असाल आणि प्रत्येकी १५ मिली ओतलं, तर एका बाटलीतून फक्त ९० मिली जातं. ७०० मिलीच्या बाटलीचा सातवा हिस्साही नाही. दोघादोघांनी मिळून एक बाटली आणली आणि उरलेली त्यांनीच घरी नेली की कुणाला जड जात नाही. नमुन्याच्या छोट्या बाटल्या मिळत असतील तर आणखी चांगलं.

२. लेबल वाचायला शिका

सर्वाधिक फसगत इथेच होते.

‘मॅच्युअर्ड इन शेरी कास्क्स’ म्हणजे साधारणपणे पूर्ण काळ शेरीच्या पिंपात. ‘फिनिश्ड’ म्हणजे शेवटचे काही महिने किंवा एखाद-दोन वर्षं. ‘डबल कास्क’ किंवा असंच काही असेल तर मिश्रण, आणि शेरीचं प्रमाण किती ते बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं. ‘फर्स्ट फिल’ म्हणजे शेरीनंतर पिंपात पहिल्यांदाच व्हिस्की भरली गेली. अशा पिंपाचा ठसा ठळक येतो. ‘रिफिल’मध्ये तो हलका होत जातो, आणि नेहमीच वाईट असतो असं नाही. डिस्टिलरीची मूळ चव रिफिलमध्येच जास्त दिसते.

लिहिलेलं वय हे बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं.

रंगावर जाऊ नका. कायद्याने स्कॉचमध्ये साधं कॅरमेल रंगासाठी घालता येतं, आणि अनेक कंपन्या घालतात. ‘नॅचरल कलर’ असं लिहिलेलं असेल तरच रंगाला काही अर्थ, आणि तेव्हाही गडद म्हणजे चांगली असं समीकरण नाही. पिंपात अति काळ राहिलेली गडद व्हिस्की नुसती तुरट आणि लाकडी लागू शकते.

ओलोरोसोबद्दलही एक गैरसमज आहे. अनेकांना वाटतं ती गोड शेरी. ओलोरोसो मुळात कोरडी असते. अक्रोड आणि जुन्या लाकडासारखी. खरी गोड ती पेद्रो हिमेनेझ, उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, काळपट आणि दाट. जमलं तर ओलोरोसोची एक बाटली आणून घोटभर आधी चाखा. पुढची अर्धी चर्चा त्याने सोपी होते.

३. जमवायचं सामान

– खाली गोल आणि वर निमुळते ग्लास. ग्लेनकेर्न प्रकारचे उत्तम. शेरीसाठीचा लहान कोपिता किंवा छोटा वाइन ग्लासही चालतो. प्रत्येकाला जितक्या व्हिस्क्या तितके ग्लास हवेत. नसतील तर निदान दोन, म्हणजे शेजारी ठेवून तुलना करता येईल.
– मोजमाप. १५ मिलीची खूण असलेलं काहीही.
– साधं, खोलीच्या तापमानाचं, कमी क्षारांचं पिण्याचं पाणी, भरपूर.
– पाणी थेंबाथेंबाने घालायला ड्रॉपर किंवा स्ट्रॉ, आणि ५ मिलीचा चमचा.
– ग्लासांवर ठेवायला झाकणं. जाड कागदाचे चौकोनी तुकडे पुरतात.
– फिकी बिस्किटं किंवा साधा पाव. मीठ-मसाला नसलेला.
– थुंकायला आणि उरलेलं ओतायला एक भांडं.
– प्रत्येकाला कागद आणि पेन.

ग्लास आदल्या दिवशी गरम पाण्याने धुऊन उघड्यावर उपडे वाळवा. बंद कपाटात ठेवलेल्या ग्लासाला कपाटाचा वास लागतो आणि साबणाचा अंश राहिला तर पहिल्याच व्हिस्कीत सगळ्यांना ‘फुलांचा सुगंध’ येतो.

बर्फ या यादीत नाही. एरवी तुम्हाला बर्फ आवडत असेल तर खुशाल घ्या; पण थंडीने वास दबतो आणि आजचं सगळं काम वासावर आहे.

४. माणसं आणि खोली

चार ते सहा जण बरे. आठाच्या वर गेलं की दोन गट पडतात आणि कोण कुठल्या ग्लासावर आहे याचा पत्ता लागत नाही. पोट रिकामं नको, पण तिखट आणि लसणीचं जेवण लगेच आधी नको. अत्तर, उदबत्ती, सिगरेट, स्वयंपाकघरातली फोडणी हे सगळं बंद. येणाऱ्यांना अत्तराबद्दल आधीच सांगून ठेवा. आल्यावर सांगणं अवघड जातं.

परत कसं जायचं हे बोलावतानाच ठरवा. १५ मिलीचे चार पेग म्हणजे ६० मिली, ऐकायला थोडं वाटतं. पण त्यात एक ६० टक्क्यांची असेल तर शुद्ध अल्कोहोल २७ मिलीच्या आसपास जातं. गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा आणि थुंकावं असाही सल्ला दिला जातो. मी म्हणेन गाडी चालवणाऱ्याने वासावरच थांबावं, किंवा गाडी आणूच नये. वास घेणाऱ्याची टिपणं अनेकदा सर्वांत चांगली निघतात, कारण त्याची जीभ आणि डोकं शेवटपर्यंत ताजं असतं. कुणी ‘मी नाही घेणार’ म्हटलं तर विषय तिथेच संपला. कारण विचारायचं नाही.

५. ओता, झाका, थांबा

सगळ्या व्हिस्क्या एकदमच ओतून घ्या, प्रत्येकी १५ मिली, डावीकडून उजवीकडे चाखण्याच्या क्रमाने. कमी ताकदीची आधी, जास्त ताकदीची नंतर; शेरी नसलेली आधी, शेरी भरलेली नंतर. झाकणं ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक मिनिट थांबावं असा एक नियम ऐकायला मिळतो. विधी म्हणून छान आहे, पाळलाच पाहिजे असं नाही.

नावं लपवायची का? पहिल्या बैठकीत लपवू नका, कारण कुठली पायरी कुठे हे माहीत असल्याशिवाय फरक शिकता येत नाही. दुसऱ्या बैठकीत मात्र जरूर लपवा. तेव्हा किंमत आणि रंगाने माणसं किती वाहवत जातात ते दिसतं.

६. वास: इथे घाई नको

अर्धी-अधिक व्हिस्की नाकानेच कळते. पण नाक ग्लासात खुपसून जोरात ओढलंत तर अल्कोहोल झोंबतं आणि पुढची काही मिनिटं नाक बधिर होतं. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळूहळू वर आणा. एकदा उजवी नाकपुडी, एकदा डावी. दोन्हींना वेगळं काही सापडतं. मध्ये स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक जाग्यावर येतं.

आधी पहिला ग्लास: व्हॅनिला, मध, लिंबाची साल, पिकलेलं पेअर असं काही. मग लगेच तिसरा. हा उडीचा क्रम मुद्दाम आहे. दुसरा मधे ठेवून नंतर परत या. तिसऱ्यात मनुका, अंजीर, खजूर, संत्र्याची वाळकी साल, अक्रोड, लवंग, काकवी, कोको, नवं चामडं यांतलं काय येतं ते शोधा. सगळं सापडलं पाहिजे असं नाही. दोन गोष्टी खात्रीने सापडल्या तरी पुष्कळ. नेमकं नाव सुचत नसेल तर आधी मोठं घर ओळखा: फळ आहे की मसाला? फळ असेल तर ताजं की वाळलेलं? वाळलेलं असेल तर गोड की आंबूस? असं खाली उतरत गेलं की शब्द आपोआप हाती लागतो.

आता दुसऱ्या ग्लासाकडे. पहिल्याचा मध त्यात दिसतो आणि त्यावर तिसऱ्यातल्या मसाल्याची एक पातळ झिलई, ओल्या भिंतीवर दिलेल्या रंगाच्या एका हातासारखी. ‘फिनिश’ म्हणजे काय, हे दहा वेळा वाचण्यापेक्षा या एका तुलनेत जास्त कळतं.

शेरीच्या पिंपाची एक खोडही सांगून ठेवतो: गंधक. रिकामी पिंपं खराब होऊ नयेत म्हणून त्यांत गंधक जाळायची पद्धत आहे, आणि त्याचा अंश व्हिस्कीत उतरू शकतो. विझलेली काडी, रबर, उकडलेलं अंडं असा वास येतो. काहींना तो चटकन जाणवतो, काहींना अजिबात नाही, आणि काही जण थोड्याशा गंधकाला शेरीची लज्जतच मानतात. तेव्हा एकाला अंड्याचा वास आला आणि दुसऱ्याला नाही, तर दोघंही खरं बोलत असतात. ग्लास वीसेक मिनिटं उघडा ठेवला की तो बऱ्याचदा कमी होतो.

७. घोट

पहिला घोट अगदी छोटा, जीभ ओली होईल इतकाच. त्यावर मत द्यायचं नाही. तो तोंडाला सवय व्हावी म्हणून. दुसरा घोट थोडा मोठा, जिभेवर सगळीकडे फिरवा, आठ-दहा सेकंद ठेवा, मग गिळा किंवा थुंका. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चव परत येते, आणि बरेचदा वेगळीच येते.

तीन गोष्टी बघायच्या. तोंडात ती पातळ वाटते की तेलकट? गोडीनंतर तुरटपणा किती येतो? शेरी व्हिस्कीत थोडा तुरटपणा हवाच. नाहीतर ती सरबतासारखी होते. पण कडक उकळलेल्या चहासारखी जीभ आखडली तर लाकूड जास्त झालं. तिसरं, गिळल्यावर चव किती वेळ राहते आणि शेवटी काय उरतं: कोको, अक्रोडाची साल, की नुसतं जळजळणं?

प्रत्येक व्हिस्कीनंतर पाणी प्या, बिस्किटाचा तुकडा खा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या.

८. पाणी घालणं म्हणजे पाप नाही

‘चांगल्या माल्टमध्ये पाणी घालायचं नसतं’ हे वाक्य ठामपणे ऐकवणारा एक तरी जण असतोच. त्याला सांगा, व्हिस्कीची मिश्रणं बनवणारे व्यावसायिक वास घेताना ती सर्रास २० टक्क्यांच्या आसपास पातळ करतात. स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर रेणूंचं वर्तन मांडून पाहिलं. व्हिस्कीला धुरकट वास देणारा ग्वायकॉल हा रेणू पातळ मिश्रणात पृष्ठभागाजवळ जमतो आणि अल्कोहोल फार वाढलं की आत ढकलला जातो, असं त्यांना दिसलं. म्हणजे थोड्या पाण्याने वास खुलतो म्हणतात त्याला आधार आहे.

तरीही आधी बिनपाण्याची चाखा, मग निम्म्यात पाणी घाला. ४० ते ४३ टक्क्यांच्या व्हिस्कीत दोन-चार थेंब पुरेत. ६० टक्क्यांची १५ मिली असेल तर एक चमचा, म्हणजे ५ मिली पाण्याने ती साधारण ४५ टक्क्यांवर येते. ६० टक्क्यांवर जी नुसती झोंबत होती तीत एकदम संत्रं आणि मनुका दिसू लागतात. घातलेलं पाणी काढता येत नाही, तेव्हा थोडं थोडं.

पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित ढगाळ झाली तर घाबरू नका. थंड करून गाळलेली नसेल तर तिच्यातली तेलकट द्रव्यं अशी दिसू लागतात. दोष नाही.

९. आधी लिहा, मग बोला

हा नियम मोडला की बैठक फुकट जाते. पहिली पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही. प्रत्येकाने वासाचे दोन आणि चवीचे दोन शब्द लिहायचे. एकाने मोठ्याने ‘अंजीर’ म्हटलं की पुढच्या क्षणी सगळ्यांना अंजीरच येतं, आणि ज्याला खरोखर ओल्या मातीचा वास आला होता तो गप्प बसतो. सर्वांत अनुभवी माणसाने सर्वांत शेवटी बोलावं. बाटलीमागचा मजकूरही तोपर्यंत वाचायचा नाही.

‘स्मूद’ या शब्दावर त्या संध्याकाळपुरती बंदी घाला. तो उच्चारणाऱ्याने ‘म्हणजे कसं?’ याचं उत्तर द्यायचं. सुरुवातीला हसू येतं, नंतर उत्तरं खरंच चांगली येतात.

गुण देऊ नका. त्याऐवजी विचारा: यातली कुठली उरलेली घरी न्यायला आवडेल? पहिल्याच ग्लासावर, शेरी नसलेल्यावर, कुणी बोट ठेवलं तर तेही ठीक. शेरीची भारी गोडी सगळ्यांना भावत नाही, आणि हे एका पूर्ण बाटलीचे पैसे मोजण्याआधी कळलेलं बरं.

१०. उरलेल्या बाटल्या

बाटली उभी ठेवा, वाइनसारखी आडवी नको. इतकं कडक अल्कोहोल सतत बुचाला लागलं तर बूच कुजतं. ऊन आणि उष्णता टाळा. निम्म्याहून जास्त भरलेली बाटली कित्येक महिने छान राहते. तळाशी दोन बोटं उरली असतील तर लहान स्वच्छ बाटलीत काठोकाठ ओतून ठेवा, वर नाव आणि तारीख लिहा. पुढच्या वेळी नावं लपवून चाखायची असतील तेव्हा या छोट्या बाटल्या फार कामाला येतात. त्या बैठकीसाठी एक जोडी सुचवतो: त्याच डिस्टिलरीची एक बर्बन पिंपातली आणि एक शेरी पिंपातली. स्पिरिट तेच, बदललेलं फक्त पिंप.